लग्नातली एस्प्रेसो आणि बंगल्यातला दांडा

आज रेसिपी नाही, योजना नाही आणि बँकेचा फॉर्मही नाही. आज एका यंत्राची गोष्ट आहे. लग्नाच्या मांडवात ते कोपऱ्यात उभं असतं, फुस्स करून वाफ सोडतं आणि पोरं कागदी कप घेऊन त्याच्याभोवती गोळा होतात. तेच ते कॉफीचं यंत्र. पाटीवर कोणी एस्प्रेसो लिहितं, कोणी एक्स्प्रेसो.

ही गोष्ट काढायला कारण घडलं मागच्या लगीनसराईत. पालघर तालुक्यातल्या आमच्या एका गटाने लग्नातल्या चहा-नाश्त्याची कामं घ्यायला सुरुवात केली होती. चहा, पोहे, उपमा, वडे सगळं जमत होतं. पण यजमान विचारायचे, "ताई, एस्प्रेसो नाही ठेवत का तुम्ही?" यंत्र भाड्याने आणलं की मजुरीतला मोठा वाटा भाड्यातच जायचा. मग कोणीतरी जुनं यंत्र विकायला आहे असं सांगितलं. गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मंजूर झालं, यंत्र घरी आलं, चकाचक घासून झालं. चाचणीला गॅस लावला आणि पंधरा-वीस मिनिटांत एका जोडातून वाफेचा फवारा सुटला. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या ताईंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. गॅस बंद केल्यावर पाहिलं, तर जादा वाफ बाहेर सोडायची जी झडप असते ती तारेने बांधून टाकलेली होती. गळत असणार, म्हणून कोणीतरी उपाय केलेला. विकणाऱ्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. त्या झडपेबद्दल आम्हीही एक प्रश्न विचारला नव्हता. यंत्राला चमक किती आहे ते मात्र दहा जणींनी पाहिलं होतं.

एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो. वाफेने भाजलं तर हात लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली धरा, चांगली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. बांगड्या-अंगठी सूज यायच्या आत काढा आणि दवाखाना गाठा. ताईंचा हात बरा झाला, पण पंधरा दिवस त्यांना भाकरी थापता आली नाही.

योगायोग असा, की त्याच महिन्यात आमच्या दुसऱ्या गटातली एक जण चिंचणी-तारापूरच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात साफसफाईला जायची, तिने फोनवर एक फोटो दाखवला. माळ्यावरून काढलेलं हातभर उंचीचं यंत्र, खाली गोल बूड, मागे छोटी टाकी, पुढे एक लांब दांडा. "काकू म्हणतात हेही एस्प्रेसोचंच आहे. पण ह्याला दांडा कशाला?" काकूंच्या सासऱ्यांनी बोटीवर नोकरी असताना ते परदेशातून आणलं होतं. पाटीवर नाव होतं ला पाव्होनी, आणि खाली युरोपिकोला. "ह्याला दांडा कशाला" हा प्रश्न आम्हाला इतका आवडला, की आम्ही त्याच्या मागेच लागलो.

आधी एस्प्रेसो म्हणजे काय ते पाहू. शब्द इटलीचा. त्यात दाबून काढलेलं असाही अर्थ आहे आणि झटपट, मागितल्यावर केलेलं असाही. त्यामुळे आपल्याकडे सौराष्ट्र एक्स्प्रेससारखं 'एक्स्प्रेसो' म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. १९२२ साली इटलीतल्या व्हिक्टोरिया अर्दुइनो या यंत्रांच्या कंपनीने एक जाहिरातीचं चित्र काढून घेतलं होतं. त्यात एक माणूस धावत्या आगगाडीतून बाहेर वाकून यंत्रातली कॉफी घेतो आहे. पालघर स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते तेव्हा खिडकीतून चहा घेणाऱ्याला हे चित्र लगेच कळेल.

घाई हेच या यंत्राच्या जन्माचं कारण. इटलीच्या शहरांत कारखाने वाढले, कामगारांना कामावर जाताना पटकन कॉफी हवी असायची आणि गाळून कॉफी करायला वेळ लागायचा. तुरिन शहरात अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेवर चालणारं यंत्र प्रदर्शनात मांडलं. ते एकदम पुष्कळ कॉफी करायचं. मिलान शहरातल्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली एकेक कप ताजा करून देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे हे आपणच शोधलं, असा कायदेशीर हक्क. तो हक्क १९०३ साली देसिदेरिओ पाव्होनी यांनी विकत घेतला. आमच्या बंगल्यातल्या यंत्रावर ज्यांचं नाव होतं तेच हे पाव्होनी. ती यंत्रं उभी, पितळेची, वर घुमट आणि काहींच्या घुमटावर पंख पसरलेला गरुड. आपल्या मांडवातलं यंत्र डोळ्यांसमोर आणा. रूप तिथूनच आलेलं आहे.

ही सगळी यंत्रं वाफेच्या जोरावर चालायची. बंद टाकीत पाणी उकळायचं आणि कोंडलेली वाफ त्या पाण्याला कॉफीच्या भुकटीतून ढकलायची. आता इथे कुकर आठवा. कुकरची शिटी होते तेव्हा आतल्या वाफेचा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो जादा दाब असतो, आणि आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. त्या जुन्या यंत्रांत दाब जेमतेम दीड किलो असायचा. कॉफी पटकन मिळायची, पण जादा तापलेलं पाणी आणि वाफ लागून ती करपट, कडवट व्हायची.

मग दाब वाढवायचा, तर आग वाढवायची का? इथेच खरी अडचण आहे. चांगली एस्प्रेसो निघायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे नऊ किलो दाब लागतो, पण पाणी मात्र नव्वद-पंच्याण्णव अंशांचंच लागतं. नुसत्या वाफेने नऊ किलो दाब आणायचा तर टाकीतलं पाणी १८० अंशांपर्यंत तापवावं लागेल. भजी तळायचं तेल साधारण तेवढं तापलेलं असतं. म्हणजे कॉफी तर जळणारच, आणि टाकीला कुठे जरा कच असली तर करणाऱ्याचंही काही खरं नाही. वाफेची ताकद आणि वाफेची उष्णता एकमेकींना सोडत नाहीत. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, त्यांची रचनाही पाणी उकळून वाफच करण्याची आणि त्या वाफेवर चक्र फिरवण्याची. पण तिथे वाफेवर पहारा ठेवायला माणसं आणि यंत्रणा किती!

उत्तर होतं दांडा. गावच्या हातपंपाचा विचार करा. सोलापूरकडच्या पंपावरून सुधारून सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' नावाचा हातपंप तयार झाला आणि देशभर पोचला. दांडा लांब असतो म्हणून दहा वर्षांची पोरसुद्धा जमिनीच्या खोल पोटातून पाणी वर काढते. जोर तेवढाच, पण लांब दांड्याच्या टोकाला लावला की दुसऱ्या टोकाला तो कितीतरी पटींनी वाढतो. कॉफीच्या यंत्रात हाच दांडा एक दट्ट्या खाली ढकलतो. दट्ट्यावर शंभर किलोहून अधिक भार येतो, पण आपल्या हाताला मात्र पाण्याची भरलेली बादली उचलल्यासारखं वाटतं. पाणी गरम करण्याचं काम आगीचं, दाबण्याचं काम हाताचं. कामाची वाटणी झाली आणि अडचण सुटली.

ही वाटणी सुचली कोणाला? नाव घेतलं जातं अकिले गाज्जा यांचं. मिलानमध्ये त्यांचं कॉफीचं दुकान होतं. १९३८ साली त्यांनी वाफेशिवाय दट्ट्याने कॉफी काढायच्या पद्धतीचं पेटंट मागितलं. महायुद्ध झालं, सगळं थांबलं. १९४७ साली त्यांनी दांडा आणि स्प्रिंग असलेल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळली जायची, सोडला की स्प्रिंग पाणी दाबायची. या कॉफीवर पहिल्यांदाच सोनेरी-तपकिरी साय दिसली. लोकांना शंका आली, हा फेस कसला? गाज्जांनी त्याला 'कॉफीची साय' असं नाव दिलं आणि यंत्रावरच लिहून टाकलं, की हे वाफेशिवाय चालतं. ज्या गोष्टीवर लोक नाक मुरडत होते तीच त्यांनी पाटीवर लावली. धंदा करणाऱ्या बायांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण आम्हाला या गोष्टीत एक बाई भेटली. कॉफीचे इतिहासकार सांगतात, की दट्ट्याने कॉफी दाबायची कल्पना गाज्जांच्या आधी मिलानच्याच क्रेमोनेसे नावाच्या एका तंत्रज्ञाने मांडली होती. तो वारला आणि हक्क आला त्याच्या बायकोकडे. तिचं नाव रोझेट्टा स्कोर्झा. तिच्याकडून तो गाज्जांनी घेतला. आज यंत्रांवर, पेट्यांवर, दुकानांवर गाज्जा हे नाव जगभर दिसतं. रोझेट्टाबाईंचं नाव एका ओळीत येतं आणि जातं. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "सातबाऱ्यावर पण असंच असतं." नवरा गेल्यावर वारस म्हणून नाव लावायला चकरा मारणाऱ्या तीन जणी त्या दिवशी बैठकीत बसल्या होत्या. कोणी काही बोललं नाही.

आता ही कॉफी घरात कशी आली ते पाहू, कारण दुकानातली यंत्रं होती मोठी, महाग आणि पुरुषांच्या गर्दीत उभी. घरात पहिली पोचली ती एक साधी किटली. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली ॲल्युमिनियमची आठ कोनांची 'मोका' किटली काढली. खाली पाणी, मध्ये भुकटी, वर कॉफी. सांगतात, की घरातल्या बायका कपडे उकळायचं एक भांडं वापरायच्या, त्याच्या मध्ये नळी असायची आणि साबणाचं पाणी उकळून वर यायचं, त्यावरून बियालेत्तींना हे सुचलं. भांडं बायकांच्या कामाचं, किटली बियालेत्तींच्या नावाची! पण किटली खरोखर चांगली होती. चुलीवर, स्टोव्हवर कशावरही चालायची आणि गरिबालाही परवडायची. त्यांचा मुलगा रेनातो याने ती घरोघर पोचवली. २०१६ साली तो वारला तेव्हा त्याच्या अस्थी एका मोठ्या मोका किटलीतच ठेवल्या. हे ऐकून आमच्यातल्या काही जणी हसल्या, काहींनी कपाळाला हात लावला.

मोका किटलीचा दाब मात्र वाफेचाच, म्हणून थोडाच. दुकानासारखी साय घरात हवी असेल तर दांडा घरात आणणं भाग होतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला गाज्जांनी 'गिल्डा' नावाचं घरगुती दांड्याचं यंत्र काढलं. मग बऱ्याच कंपन्या त्यात उतरल्या. आम्हाला त्यातलं सगळ्यात आवडलं ते 'ला पेप्पिना'. त्यात बंद टाकीच नाही. वर झाकण असलेलं साधं किटलीसारखं भांडं, त्यात पाणी तापतं, आणि दाबायचं काम दांडा-स्प्रिंग करते. वाफ कोंडलेलीच नाही तर फुटणार काय? 'कॅराव्हेल' नावाचं यंत्रही याच उघड्या भांड्याच्या जातीचं. १९६७ साली स्वित्झर्लंडमधून 'क्रेमिना' आलं, ते बंद टाकीचं, पण फार टिकाऊ. आणि १९६१ साली आलं आपल्या बंगल्यातलं 'युरोपिकोला'. नावाचा अर्थ छोटी युरोप. टाकी पाऊण लिटरच्या आसपास. यात स्प्रिंगही नाही. दांडा वर केला की भुकटीवर पाणी येतं, खाली दाबला की कॉफी उतरते. किती जोर लावायचा ते तुमच्या हातावर. टाकीत थोडी वाफ असते, पण कुकरपेक्षाही कमी दाबाची. बाकी सगळी मेहनत मनगटाची.

गंमत म्हणजे त्याच १९६१ साली फाएमा कंपनीने दुकानांसाठी विजेच्या पंपाचं यंत्र आणलं. पंप आला तसा दुकानांतला दांडा हळूहळू मागे पडला. दुकानदाराला दिवसाला शेकडो कप काढायचे असतात, तो कशाला हात दुखवून घेईल? पण घरातला दांडा टिकला. कारण त्यात बिघडायला फारसं काही नाही. रबराच्या दोन-चार चकत्या, एक झडप, पाणी तापवायची कॉइल. साठ वर्षांपूर्वीची यंत्रं आजही लोक चकत्या बदलून वापरतात. दोष नाहीत असं नाही. लागोपाठ तीन-चार कप काढले की ते फार तापतं आणि कॉफी कडू होते. टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आणि दाब असताना भुकटीचं भांडं ओढलं तर उकळता चोथा अंगावर शिंकल्यासारखा उडतो.

मग आपल्या लग्नातल्या यंत्रात दांडा का नाही? कारण ते कॉफी दाबतच नाही. तयार पावडर, साखर, दूध कपात घालायचं आणि वाफेच्या नळीने त्याला फेस आणायचा, वर चिमूटभर कोको. म्हणजे रूप आणि नाव इटलीचं, पण काम फक्त वाफेचं. यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे कॉफी म्हणजे दुधाची, जायफळ घातलेली, पाहुणे आले की करायची. एरवी आपल्या पट्ट्यात पातीचा चहा, आणि पाड्यावर कोरा चहा. मुंबईत चर्चगेटला १९३६ साली पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं. पुढे सरकारी कॉफी बोर्डाने ही कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी १९५७ साली सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. पण हे सगळं शहरात. आपल्यापर्यंत कॉफी आली ती पावडरीच्या पुडीतून आणि मांडवातल्या फेसातून. फेस लोकांना आवडतो, आम्हालाही आवडतो.

प्रश्न वाफेचा आहे. बोईसरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत मोठे बॉयलर आहेत. त्यांच्यासाठी १९२३ पासून कायदा आहे, तपासणी आहे, प्रमाणपत्र आहे. पण पंचवीस लिटरपेक्षा लहान टाकी त्या कायद्यात बॉयलर म्हणून धरलीच जात नाही. आमच्या यंत्राची टाकी त्याहून लहान होती. म्हणजे ती तपासायला कोणी येणार नव्हतं. तपासणारे आम्हीच होतो, आणि आम्ही फक्त पितळ घासलं होतं. आता आमच्या गटांत कुठलंही वाफेचं यंत्र भाड्याने घेतलं तरी आधी झडप हाताने उचलून मोकळी हलते का ते पाहतात, दाबाचा काटा चालू आहे का ते पाहतात, पाण्याची पातळी पाहतात, आणि वाफेच्या नळीसमोर मूल येऊ देत नाहीत. तार, दोरी, लाकडी खुंटी काहीही झडपेला लावलेलं दिसलं की यंत्र परत.

ते जुनं यंत्र आम्ही परत केलं. अर्धे पैसे मिळाले, अर्धे गेले. उरलेलं कर्ज गटाने तीन महिन्यांत फेडलं. भाजलेल्या ताईंना त्यातला वाटा द्यावा लागू नये असं ठरलं, त्यावरही वाद झाला, पण ठरलं.

आणि बंगल्यातलं यंत्र? काकूंना ते चालू करून पाहायचंच होतं. आमच्यातल्या एकीचा भाऊ बोईसरला वर्कशॉपमध्ये आहे. त्याने जुन्या चकत्या काढल्या, त्या बिस्किटासारख्या तुटल्या. खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या सिलिकॉनच्या नव्या चकत्या मापाने कापून बसवल्या, झडप साफ केली, वायर बदलली, अर्थिंग तपासलं. मग एका रविवारी आम्ही सहा जणी गेलो. काकूंनी बाजारातून बियांची ताजी दळलेली कॉफी आणून ठेवली होती. दांडा कोणी ओढायचा? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी भाजलेल्या ताईच पुढे आल्या. हातावर अजून गुलाबी डाग होता. आधी दोन पावलं लांब उभं राहून त्यांनी झडप कुठे आहे ते विचारलं, बोट लावून पाहिली. मग दांडा वर केला, जरा थांबल्या, आणि दोन्ही हातांनी सावकाश खाली दाबला. फुस्स नाही, आवाज नाही. मधाच्या धारेसारखी काळी कॉफी कपात उतरली, वर पातळ सोनेरी साय.

ताईंनी पहिला घोट घेतला आणि तोंड कारलं खाल्ल्यासारखं केलं. काकू हसायला लागल्या. म्हणाल्या, "आमचे सासरे पण दोन चमचे साखर घालायचे आणि कोणाला सांगू नका म्हणायचे." मग दूध तापवलं, साखर घातली, जायफळ किसलं, आणि त्या एवढ्याशा कॉफीचे सहा कप केले.